सिंह आणि हरणाचा डाव

आज दुपारी ग्रुपवर तोच फॉरवर्ड परत आला, इमोजी आणि मीम्समुळे हजारो वर्षांनी माणूस पुन्हा इजिप्तसारख्या चित्रलिपीवर आला म्हणे, आणि मग काय, अख्खा रविवार इजिप्तमध्येच गेला माझा. मला हे पटतच नाही हो, कारण हायरोग्लिफ, म्हणजे प्राचीन इजिप्तची ती लिपी, नुसती चित्रं नाहीतच, त्यातली बरीच चिन्हं चक्क उच्चारासाठी असतात, ती लिपी उलगडणाऱ्या फ्रेंच अभ्यासक शांपोलियनने 1822 मध्ये हेच तर दाखवलं.

पण खरी गंमत शब्दाच्या शेवटी आहे. तिथे एक न उच्चारायचं चिन्ह येतं, चालण्याबद्दलचा शब्द असेल तर दोन पाय, आणि वाईट किंवा क्षुल्लक काही असेल तर चिमणी! आपण मेसेजच्या शेवटी इमोजी टाकतो ना, अगदी तसं. त्यात चिमणीची शेपटी गोलसर, तीच दुभंगलेली काढली की पाकोळी होते आणि अर्थ थेट 'मोठा, थोर'. एवढ्याशा शेपटीवर केवढा फरक, मी तर झूम करकरून बघत बसले.

आणि मीम्सच शोधायची तर ती लिपीत नाही, देर अल-मदिना या प्राचीन इजिप्तमधल्या वस्तीतल्या कारागिरांकडे शोधा. ब्रिटिश म्युझियममध्ये बहुधा तिथलाच एक पपायरस (त्या काळच्या कागदावरचं चित्र) आहे, तीनेक हजार वर्षांपूर्वीचा. सिंह आणि हरीण समोरासमोर बसून सेनेटचा (पटावरचा जुना इजिप्शियन खेळ) डाव खेळतायत, पुढे मांजर बदकं राखतंय आणि कोल्हा बकऱ्यांमागे पावा वाजवत चाललाय. राजांची थडगी रंगवणाऱ्या त्या वस्तीतल्याच कुणाच्या तरी हातचं हे काम असावं, किती जिवंत वाटतं! फोटो कमेंटमध्ये टाकतेय, सिंहाचा चेहरा नक्की बघा.