कॅप्टन किडने धरलेलं आर्मेनियन व्यापाऱ्यांचं जहाज
आज लंचला फोर्टात भटकताना आर्मेनियन चर्च दिसलं आणि मग काय, दुपारभर काम बाजूला ठेवून केदाह मर्चंटबद्दलच वाचत बसलो. बंगालहून सुरतेला निघालेलं जहाज, आर्मेनियन व्यापाऱ्यांचा माल, रेशीम, मलमल, साखर, अफू, आणि जानेवारी १६९८ मध्ये कोचीनजवळ कॅप्टन किडने (फ्रेंच जहाजं धरायचा इंग्रज सरकारी परवाना असलेला, पण पुढे चाचा ठरलेला खलाशी) ते धरलं, तेही फ्रेंच झेंडा लावून फसवून! इंग्रज-फ्रेंच युद्धाच्या भानगडीत सेफ्टी म्हणून बिचाऱ्या व्यापाऱ्यांनी फ्रेंच पास (फ्रेंचांचं संरक्षणपत्र) ठेवलेला, आणि नेमका तोच किडला बहाणा म्हणून मिळाला. औरंगजेब भडकला, सुरतेत इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीवाल्यांची चांगलीच तंतरली. किडला १७०१ मध्ये लंडनला फाशी दिली खरी, पण माल? तो केव्हाच विकून वाटून मोकळे झाले होते. जहाजाचे अवशेष सापडले २००७ मध्ये, पार डॉमिनिकन रिपब्लिकजवळ!