पट्टी निघंना

दिवाळी उलटून आठवडा झाला होता. लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनची आवक एवढी, की मोटारसायकल लावायलाही जागा नाही. साडेअकराला एका अडत दुकानातून मुनीमजींचा फोन आला, "सर, पट्टी निघंना झालीय. लवकर या, लोक खोळंबलेत." पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारी, विकलेल्या मालाच्या हिशेबाची पावती.

आदल्या दिवशी काउंटरचा कॉम्प्युटर जळाला आणि शेठच्या मुलानं संध्याकाळीच विंडोज ११ चा नवा आणून लावला. प्रिंटर तोच जुना डॉट मॅट्रिक्स, टेबलाखालच्या उबुंटू १८.०४ (लिनक्स) च्या सर्व्हरला जोडलेला. प्रिंट सांभाळायला कप्स आणि विंडोजवाल्यांना प्रिंटर दिसावा म्हणून सांबा, ही मांडणी मीच करून दिलेली. नव्या मशीनवर प्रिंटर दिसत होता, पण जोडायला गेलं की ७०९ नंबरचा एरर. आतल्या खोलीतलं विंडोज १० वालं मशीन मात्र खुशाल छापत होतं. बिलाचं सॉफ्टवेअर त्यावर नव्हतं, एवढीच अडचण.

मुनीमजी हातानं पट्ट्या लिहीत होते. हमाली, तोलाई वजा करून खाली रक्कम, वळणदार अक्षरात. समोर औशाकडचे एक बाबा, "आमचा टेम्पोवाला निघून जाईल की ओ" म्हणत उभे.

मी आधी सवयीनं पासवर्ड तपासला, छपाईची रांग सांभाळणारा स्पूलर बंद करून चालू केला, ड्रायव्हर बदलला. २०२१ च्या सिक्युरिटी अपडेटनंतर शेअर्ड प्रिंटरनी पुष्कळ छळलेलं, तेच असेल म्हणून तिकडेही हात घातला. पाऊण तास गेला. खरं तर पहिल्या पाच मिनिटांत करायचं ते शेवटी केलं: सर्व्हरवर नेटवर्कवरचं येणं-जाणं दाखवणारा टीसीपीडम्प लावला आणि नव्या मशीनवरून परत जोडायला लावलं. ४४५ पोर्टवर, म्हणजे सांबाच्या दारावर, बोलणं नीट चाललेलं. मग मशीन १३५ वर गेलं आणि सर्व्हरनं लगेच नकार दिला. पुन्हा १३५, पुन्हा नकार.

तिथं डोक्यात उजेड पडला. विंडोज ११ च्या २२एच२ पासून छपाईचं आरपीसी बोलणं (एका मशीननं दुसऱ्याकडून काम करवून घ्यायची पद्धत) ४४५ मधून जाणाऱ्या नेम्ड पाइपऐवजी थेट टीसीपीवरून होतं, आणि त्याची सुरुवात १३५ पासून. माझा जुना सांबा ते ४४५ च्या पाइपवरच ऐकत बसलेला. होम एडिशनमध्ये असल्या सेटिंग बदलायचा ग्रुप पॉलिसी एडिटर नाही, म्हणून विंडोजच्या सेटिंग जिथं साठतात त्या रजिस्ट्रीत पॉलिसीखालच्या प्रिंटर्सच्या आरपीसी कीमध्ये 'आरपीसी यूज नेम्ड पाइप प्रोटोकॉल' ची किंमत १ केली, स्पूलर पुन्हा चालू केला. प्रिंटर जोडला गेला.

पहिली पट्टी कर्रकर्र करत निघाली ती निम्मी पानाच्या फाडायच्या रेषेवर. नव्या ड्रायव्हरनं कागद ए-फोर धरला होता. तेवढं दुरुस्त करेपर्यंत बाबा हातची पट्टी घेऊन गेलेही.

हा जुगाड कायम ठेवणं मला पटत नव्हतं. विंडोज दर दोन वर्षांनी वाट बदलणार आणि मी रजिस्ट्री उकरत बसणार! संध्याकाळी सौदे आटोपल्यावर कप्सचं ६३१ पोर्ट दुकानाच्या नेटवर्कपुरतं उघडलं आणि प्रिंटर सांबाला वगळून थेट आयपीपी या छपाईच्या प्रोटोकॉलनं जोडला. आयपी पत्त्यानं जमलं, सर्व्हरच्या नावानं '४०० बॅड रिक्वेस्ट'. कप्सच्या कॉन्फिगमध्ये सर्व्हरएलियास, म्हणजे 'हे नावही आपलंच' अशी ओळ, घातल्यावर तेही मिटलं.

निघताना मुनीमजी दिवसभरच्या हातच्या पट्ट्या सॉफ्टवेअरमध्ये चढवत होते. "एकही चुकली नाही बघा," म्हणाले, आणि पेन खिशाला अडकवला.