पदकाची पाठ आणि पोट जुळेना

मेण कोरायचं मशीन जोडणं, सॉफ्टवेअर टाकणं, पहिली रेघ मारणं एका रविवारात उरकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आमचं दुकान कोल्हापुरात, गुजरीत. आप्पा दागिन्याचा मेणाचा नमुना हातानेच कोरतात, त्याच्या साच्यात मग चांदी-सोनं ओतलं जातं. मी ३०१८ म्हणून मिळतं ते टेबलावरचं छोटं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर कोरणारं मशीन, घेतलं आणि पहिलंच काम धरलं गणपतीच्या पदकाचं. पुढून उठावाचं, मागून पोकळ, भिंत ०.८ मिमी. पोकळ अशासाठी की मेणाच्या वजनाच्या साधारण दहापट चांदी लागते आणि २२ कॅरेट सोनं सतरा-अठरा पट. मेणात अर्धा ग्रॅम वाचला तर सोन्यात जवळजवळ नऊ ग्रॅम वाचतात.

आधी पाठ कोरायची, मग ब्लॉक पालटून पुढची बाजू. साडेपाच तासांनी पदक सोडवलं आणि बल्बसमोर धरलं. हिरव्या मेणाची भिंत पातळ असली की उजेड आरपार येतो. गणपतीच्या एका कानाकडची बाजू बाटलीच्या काचेसारखी उजळ, दुसरीकडची काळपट. कॅलिपर लावला तर ०.४ आणि १.२. तरी हट्टाने ओतायला दिलंच. परत आलं तेव्हा पातळ कानाला भोक होतं, तिथवर चांदी पोचलीच नव्हती. आप्पांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "कान टोचायचं पण मशीनच करतं काय रे?"

पुढचे बारा दिवस आणि चार ब्लॉक यातच गेले. आधी स्क्रूच्या ढिलाईवर संशय घेतला, नट आवळले. मग कॉलेट, म्हणजे टूल धरणारी पकड, काढून पुसला. चूक होती कागदाची. पालटल्यावर ब्लॉकच्या कडेला टूल टेकवून, मध्ये कागद सरकवून मी झिरो, म्हणजे मशीन जिथून मापं मोजतं ती जागा, नव्याने पकडत होतो. ब्लॉक करवतीने कापलेला, म्हणजे कडा काटकोनात नाहीत. त्यात मेण मऊ, कागद अडकला तरी टूल किती रुतलंय ते कळत नाही.

मग पिना केल्या. ब्लॉक ज्या मधल्या रेषेभोवती पालटायचा, बरोबर त्याच रेषेवर ३ मिमीची दोन भोकं, मेणातून थेट खालच्या लाकडी फळीपर्यंत, मशीननेच पाडलेली. पालटा, त्याच पिनांवर बसवा, जागा चुकूच शकत नाही. तरीही ०.३ चा फरक! त्या रात्री मी मशीन विकायची जाहिरातसुद्धा लिहून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी हात काय करतोय ते पाहिलं. पिना बसवून झाल्यावर मी सवयीने पुन्हा कागद लावून एक्स-वाय (आडवा-उभा) झिरो करत होतो! पिनांनी जुळवलेलं मीच हलवत होतो. पालटल्यावर एक्स-वायला हात लावायचा नाही, एवढंच होतं. टूल बदललं की फक्त झेड (उंचीचा झिरो) घ्यायचा, तोही मेणावरून नाही, फळीवरून. आणि ब्लॉक आधीच दोन्हीकडून सपाट करून एका जाडीचा करून ठेवायचा. पाचवं पदक बल्बसमोर धरलं, सगळीकडे एकच हिरवा.

माझ्या मशीनला लिमिट स्विच (सरकण्याचं टोक कळवणारी बटणं) नाहीत, लाइट गेली की झिरो गेला. तेव्हाही पिनांची भोकंच कामी येतात: पीन कॉलेटमध्ये धरून हळूच भोकात उतरवायची, जागा परत सापडते.

आता वेळेचं. साडेपाच तासांवरून पावणेदोन तासांवर आलो. मी सगळं काम बारीक निमुळत्या टूलने करत होतो, तो मूर्खपणा. आधी ३ मिमीच्या सपाट टूलने ढोबळ काढा, ०.२ मिमी शिल्लक ठेवा आणि बारीक टूल फक्त शेवटाला. दोन रेघांमधलं अंतर ०.०५ मिमी पुरतं, ०.०२५ केलं की वेळ दुप्पट, आणि एमरी मारल्यावर फरक कुणाला दिसत नाही. मेण वितळून टूलला गुंडाळायला लागलं तर घाबरून चाल कमी करू नका, मीही तेच करायचो. टूल जागेवर घासत राहतं म्हणून तर वितळतं. सरकायची चाल वाढवा, टूल फिरायचे फेरे कमी करा. भुगा खोबऱ्याच्या किसासारखा सुटा पडला की जमलं.

आणि हो, निमुळती टूलं दोन घ्या. टोक मोडतं, आणि ते नेमकं शनिवारी संध्याकाळी मोडतं.