जुन्या पुंगळ्या घेताना आधी बूड बघा

काडतुसांच्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या विकणारा फोटो टाकतो तो चकाकणाऱ्या ढिगाचा. त्या चमकेला फारशी किंमत नाही. मक्याच्या कणसाचा नाहीतर अक्रोडाच्या टरफलाचा भरडा घालून टम्बलर (पुंगळ्या घोळवून चमकवणारं यंत्र) दोन-तीन तास फिरवला की मरायला टेकलेली पुंगळीही नव्यासारखी दिसते. उलट पॉलिश, रीसाइझ (पुन्हा मूळ मापात दाबून) आणि ट्रिम (लांबी कापून) करून 'तयार' म्हणून विकलेल्या मालावरच्या वापराच्या खुणा बऱ्याचदा पुसल्या गेलेल्या असतात. म्हणून, रीलोडिंगला, म्हणजे उडालेली पुंगळी पुन्हा भरण्याला, कायद्याची मुभा आहे अशा ठिकाणी माल घेत असाल, तर माझं मत साफ आहे: काळपट, न धुतलेल्या आणि वापरलेला प्रायमर (बुडातली दारू पेटवणारी टिकली) अजून जागेवर असलेल्या पुंगळ्या घ्या. मेहनत वाढते, पण काय घेतोय ते तरी कळतं.

'एकदाच वापरलेली' हा शब्द सगळेच वापरतात. त्याला भरवशाचा म्हणावा असा पुरावा एकच, लष्करी क्रिंप. लष्करी काडतुसात प्रायमर सैल होऊन बाहेर येऊ नये म्हणून त्याच्या कडेभोवतीचं पितळ ठोकून आत दाबलेलं असतं. बुडावर प्रायमरभोवती खोलगट कडं किंवा तीन-चार टोचे दिसतात. मूळ क्रिंप शाबूत आणि प्रायमर जागेवर, म्हणजे ती पुंगळी पुन्हा भरली गेलेली नाही. हाच क्रिंप पुढे डोकेदुखी होतो, कारण तो स्वेज करून (दाबून) किंवा रीमरने (कोरणाऱ्या हत्याराने) काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही, चेपतो. एवढं काम मी आनंदाने करेन. फक्त रीमर जपून फिरवा. कडेचा दाबलेला भाग तेवढा जायला हवा. प्रायमर बसतो त्या खोबणीच्या भिंतीच खरवडल्या तर प्रायमर सैल बसेल.

व्यापारी मालाला क्रिंप सहसा नसतो. तिथे भिंग घेऊन रिम बघा. एक्स्ट्रॅक्टरचे (बंदुकीतून पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचे) ओरखडे वेगवेगळ्या जागी तीन-चार ठिकाणी असतील, अंगावर डायच्या (पुंगळी मापात आणणाऱ्या साच्याच्या) उभ्या रेघा असतील किंवा एकाच छापाच्या पुंगळ्यांत प्रायमर दोन रंगांचे असतील, तर 'एकदाच' हा शब्द विसरा.

बुडावरचा छापही वाचायला शिका. वर्तुळात क्रॉस म्हणजे नाटो प्रमाणाचा माल. 'एलसी' म्हणजे अमेरिकेतला लेक सिटी कारखाना आणि शेजारचे दोन आकडे उत्पादनाच्या वर्षाचे. एकाच छापाच्या, एकाच वर्षाच्या पुंगळ्या मिळाल्या तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. रायफलच्या लष्करी ७.६२ × ५१ पुंगळीची भिंत तिच्याच जोडीच्या व्यापारी .३०८ पेक्षा साधारणपणे जाड असते, त्यामुळे आतली जागा कमी आणि तेवढ्याच दारूला दाब जास्त. दोन्ही मिसळून एकाच मापाने भरणं धोक्याचं आहे, लष्करी पुंगळीसाठी माप खालून सुरू करून वेगळं ठरवावं लागतं. लष्करी ५.५६ आणि व्यापारी .२२३ मध्ये हा फरक बराच कमी असतो.

लष्करी मालाची दुसरी बाजू मशीनगनची. तिचा चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, ऐसपैस असतो. पुंगळी बुडाशी फुगते आणि लांबीलाही ताणली जाते. फुगलेली साध्या डायने पुरती आत येत नाही, बुडाशी जास्त आवळणारा स्मॉल बेस डाय लागतो. ताणलेली जास्त वाईट, कारण ती आतून पातळ होते आणि पुढच्या एखाद्या बाराला बूड वेगळं होऊन अंग चेंबरमध्येच अडकतं.

ही तपासणी बिनखर्चाची आहे. कागदाची क्लिप सरळ करा, टोकाचे २-३ मिमी काटकोनात वाकवा आणि कानशीने अणकुचीदार करा. हे टोक आत तळापर्यंत नेऊन भिंतीला दाबत हळूहळू वर ओढा. बुडापासून ६ ते १० मिमी उंचीच्या पट्ट्यात टोक खाचेत अडकल्यासारखं झालं तर पुंगळी बाद. बाहेरून त्याच जागी पातळ, उजळ रेघ दिसते. पण डाय जिथे थांबतो तिथेही चकचकीत पट्टा उमटतो आणि तो निरुपद्रवी असतो. फरक बाहेरून ओळखायला जाऊ नका, आतून तार सांगेल तेच खरं. तरीही शंका राहिली तर एक पुंगळी हॅक्सॉने उभी चिरा, भिंत कुठे बारीक झालीय ते डोळ्यांनीच दिसेल. लॉटमध्ये अशी एक सापडली तर त्याच छापाच्या बाकीच्या सगळ्या तारेखालून जाऊ द्या.

प्रायमरची खोबण सैल आहे का, हे प्रायमर काढल्याशिवाय कळत नाही. म्हणून मोठी खरेदी करण्याआधी शंभरेक मागवा आणि त्यातल्या वीस-पंचवीस डिकॅप करून (प्रायमर काढून) खोबणीला गो/नो-गो गेज (माप बरोबर आहे का ते दाखवणारी खुंटी) लावा. बुडावरच्या अक्षरांवर गोल चकचकीत डाग दिसला तर तो इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खुंटीच्या) भोकात पितळ घुसल्याचा, म्हणजे दाब जास्त झाल्याचा. असा माल परत करा. शंभरात पाच-सातांपेक्षा जास्त बाद निघाल्या तर तो विक्रेता सोडा.

रंगाबद्दल दोन गैरसमज आहेत. लष्करी पुंगळीच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा असते. ती अॅनिलिंगची (तापवून मऊ करण्याची), कारखान्यातलीच, तिची भीती नको. पण तीच छटा बुडापर्यंत पोचली असेल तर पुंगळी कधीतरी आगीत सापडली आहे. मान मऊ आणि बूड कडक असावं लागतं. मऊ पडलेलं बूड घरी पुन्हा कडक करता येत नाही. गुलाबी डाग म्हणजे आम्लाने किंवा गंजाने पितळातलं जस्त खाल्लं आणि तांबं उरलं. काडतुसाचं पितळ ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. वरवरचा पुसट डाग चालून जाईल, खड्डे पडलेले नाहीत.

अमोनिया पितळाचा वैरी. ब्रिटिश काळात भारतातच हे आधी दिसलं. पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवली जात आणि नंतर काढली की बऱ्याच पुंगळ्या, विशेषतः गोळीभोवती आवळलेल्या तोंडाशी, तडकलेल्या निघत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि धातूत उरलेला ताण यांचा हा परिणाम आहे, हे १९२१ मध्ये उलगडलं. त्यामुळे अमोनिया असलेलं भांड्यांचं पॉलिश वापरून चमकवलेला माल घेऊ नका आणि स्वतःही तसं करू नका.

पिस्तुलाच्या पुंगळ्या बहुधा मिसळून येतात. ढिगावरून आधी लोहचुंबक फिरवा, पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादी पुंगळ्या त्यालाच चिकटतात. ९ मिमी लुगरच्या लॉटमध्ये तिच्यासारख्याच दिसणाऱ्या .३८० आणि मॅकारोव्ह काडतुसांच्या पुंगळ्या हमखास घुसतात. लांबी बघा: लुगर जास्तीत जास्त १९.१५ मिमी, मॅकारोव्ह सुमारे १८, .३८० सुमारे १७.३, म्हणजे कॅलिपर हवाच. .२२ ची पुंगळी ९ मिमीच्या पोटात, ९ मिमी .४० च्या आणि .४० .४५ च्या पोटात जाऊन बसते. ओल्या टम्बलिंगनंतर त्या काढताना नाकी नऊ येतात, त्यामुळे धुण्याआधीच निवडा. .४५ एसीपीमध्ये छोट्या आणि मोठ्या प्रायमरच्या पुंगळ्या एकत्र असतात, भरायच्या प्रेसवर गेल्यावर घोळ होतो. काही ९ मिमी पुंगळ्यांना आतून पायरी असते आणि आतली जागा कमी पडते, बॅटरीच्या उजेडात ती दिसते. तळात एकाऐवजी दोन बारीक भोकं दिसली तर तो बर्डन प्रायमर, साधी डिकॅपिंग पिन त्यावर मोडते. गंमत अशी की दोन भोकांची पद्धत काढणारा बर्डन अमेरिकन आणि एका भोकाची काढणारा बॉक्सर इंग्रज, पण अमेरिकेत चालतो बॉक्सरचाच प्रायमर.

वजनावर घेत असाल तर हिशेब पाठ असू द्या. ९ मिमीची पुंगळी सुमारे ४ ग्रॅम, .२२३ ची सुमारे ६, म्हणजे किलोला अनुक्रमे अडीचशे आणि एकशेसाठच्या आसपास. धुऊन न वाळवलेला माल पाणी धरतो, नेमबाजीच्या रेंजवरून झाडून आणलेला वाळू आणि खडे. दोन्ही पितळेच्या भावात विकले जातात. मूठभर पुंगळ्या कागदावर उलट्या करून आपटल्या की काय पडतं ते कळेल.

भंगारवाल्यापेक्षा रेंज बरी. व्यवस्थापनाला विचारून घ्यायचं, न विचारता उचलायचं नाही, कारण बऱ्याच रेंज आपलं पितळ स्वतःच विकतात. लांब पल्ल्याच्या बोल्ट रायफलसाठी मात्र जुन्यात पडू नका. लापुआसारख्या कंपनीच्या नव्या पुंगळ्या महाग असल्या तरी छाननीचा वेळ धरला तर त्याच परवडतात.

माल घरी आला की पहिल्यांदा जिवंत काडतुसं आणि न उडालेले प्रायमर शोधून बाजूला काढा. प्रायमरच्या राखेत शिसं असतं. भरड्याची धूळ घरात उडवू नका, टम्बलर झाकून बाहेर चालवा, चाळताना मास्क लावा आणि काम झालं की साबणाने हात धुवा. स्वयंपाकघरातली भांडी किंवा चाळण्या यासाठी वापरायच्या नाहीत. पास झालेल्या पुंगळ्या छापानुसार डब्यात भरून डब्यावर बारांची संख्या लिहा. बाद झालेल्यांचं तोंड पक्कडीने चेपून मगच भंगारात द्या, नाहीतर त्या दुसऱ्या कुणाच्या लॉटमध्ये पुन्हा जाऊन बसतात.