आमच्या संघाचा देवमासा

रत्नागिरीत वाढलेल्या आमच्या पिढीचं प्राणिसंग्रहालय म्हणजे झाडगावचं मत्स्यालय. वाघ-सिंह पाहायचे तर मुंबईला राणीच्या बागेत जावं लागे. समुद्रघोडे, कासवं आणि रंगीत मासे मात्र आम्हाला चालत जाऊन पाहता येत. हे मत्स्यालय दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचं. १९७२ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ शेतकऱ्यांना भात, आंबा, काजूमुळे ठाऊक. आम्हाला ते कळलं माशांमुळे.

पाचवीत बाई आम्हाला रांगेने तिथे घेऊन गेल्या. बरीच मुलं टाक्यांच्या काचांना नाक लावून उभी राहिली. मी थबकलो तो देवमाशाच्या सांगाड्यापाशी. लांबी सुमारे ५५ फूट. एकेक मणका असा, की कवेत मावू नये. जवळून पाहिलं तर हाडावर बारीक बारीक छिद्रं दिसत होती. केंद्रातल्या एका सरांनी माझा हात धरून बोटांची पेरं मोजायला लावली आणि म्हणाले, "देवमाशाच्या परातही अशीच बोटांची हाडं असतात, पण काही बोटांना तुझ्यापेक्षा जास्त पेरं!" तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो, हेही त्यांनीच सांगितलं.

पण त्या दिवसाचं खरं मोल मला वेगळंच वाटतं. मिरकरवाडा आणि राजिवडा या मच्छीमार वस्त्यांतली मुलं वर्गात मागच्या बाकावर बसायची, फारशी बोलायची नाहीत. तिथे सरांनी विचारलं, "हा मासा कुठल्या जाळ्यात येतो?" आणि तीच मुलं पुढे सरसावली. कोणत्या महिन्यात काय मिळतं, वारा फिरला की मासळी कुठे जाते, सगळं त्यांच्या जिभेवर होतं. विद्यापीठातला शिकलेला माणूस आपल्या वर्गमित्राचं म्हणणं वहीत टिपून घेतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर वर्गात त्यांना कुणी गप्प बसवलं नाही.

पुढे खो-खोच्या संघाला चिन्ह हवं होतं, तेव्हा देवमासा सुचवला तो मिरकरवाड्याच्याच एका मुलाने. चित्रकलेच्या सरांनी बांबूच्या कामट्यांचा सापळा केला, मुलांनी घरून फाटकी जाळी आणली, त्यावर खळीने कागद चिकटवले. क्रीडास्पर्धेच्या संचलनात शिमग्यातली पालखी नाचवावी तसा आम्ही तो खांद्यावर नाचवला. सामने आम्ही जिंकलो आणि हरलोही. देवमासा मात्र दरवर्षी नवे कागद लावून मैदानात आला. विज्ञान प्रदर्शनाला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातले विद्यार्थी नमुन्यांच्या बरण्या घेऊन यायचे, तेव्हा त्यांचं पहिलं विचारणं असे, "तुमचा देवमासा कुठाय?" त्यांच्यातलेच काही पुढे माझे सहाध्यायी झाले, कारण बारावीनंतर मीही शिरगावलाच गेलो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं. त्याची कातडी सुकू नये म्हणून माणसं तासन्‌तास पाणी ओतत होती. त्याला खोल पाण्यात नेऊन सोडलंही, पण ते पुन्हा किनाऱ्याला लागलं आणि गेलं. त्या दिवसांत आमच्या बॅचच्या ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. कोण बोट मिळते का पाहत होता, कोण भरतीची वेळ कळवत होता. परदेशात स्थायिक झालेली मैत्रीण रात्रभर जागी होती. पिल्लू गेल्याचं कळलं तेव्हा तिने एवढंच लिहिलं, "आपलंच होतं ते."

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेकडे माझं एक मागणं आहे. पाचवीच्या प्रत्येक तुकडीला दरवर्षी झाडगावला न्यावं, आणि नुसतं बघून परत आणू नये. केंद्रातल्या संशोधकांशी तासभर बोलू द्यावं. मुलांच्या तिकिटांचा आणि गाडीचा खर्च आमची बॅच करेल. मुख्याध्यापकांनी फक्त तारीख कळवावी.