बापाचं रक्त

बाईंनी फाइल टेबलावर ठेवली आणि मुलाकडे न बघताच म्हणाल्या, "डॉक्टर, यात सगळं आलंय. बापाचंच रक्त."

मुलगा अकरा वर्षांचा. वर्गात दोनदा मारामारी, दुसऱ्या वेळी समोरच्याचा दात पडलेला. फाइलमध्ये खासगी जनुकचाचणीचा अहवाल होता. एमएओए जनुकाचा कमी सक्रिय प्रकार, आणि शेजारी ठळक अक्षरांत 'लढवय्या जनुक'. असली बारशी कोण करतं कोण जाणे.

मला वाटलं, हे तर एका वाक्यात निकाली निघेल. म्हटलं, "हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलग्याला एक्स मिळतो तो आईकडून. म्हणजे हे वडिलांचं नाहीच."

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे?"

मानसोपचारात वीस वर्षं काढून मी एवढंच केलं होतं, बापाच्या डोक्यावरचं खापर आईच्या डोक्यावर फोडलं होतं.

मग सावकाश बोललो. हे जनुक मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, बनवतं. १९९३ मध्ये एका डच कुटुंबात ते पूर्ण बंद पडलेलं आढळलं आणि हिंसेशी त्याचं नाव जोडलं गेलं. पण तो दोष अतिशय दुर्मीळ. या मुलाचा प्रकार कोट्यवधी पुरुषांत असतो आणि ते निमूटपणे नोकऱ्या करतात. २००२ मध्ये न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या अभ्यासात दिसलं, की हा प्रकार असून बालपणी मारहाण, हेळसांड सोसलेल्यांत आक्रमकपणा जास्त होता. नुसत्या जनुकाने तो वाढलेला नव्हता. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हे तितकं ठळक दिसलं नाही, तेही सांगितलं.

बाई ऐकत होत्या, पण 'मारहाण' या शब्दापाशी थांबल्या होत्या.

मुलाशी एकट्याने बोललो. जनुकाचा विषयच काढला नाही. विचारलं, "रात्री किती वाजता झोपतोस?"

"बाबा झोपले की."

"ते कधी झोपतात?"

त्याने खांदे उडवले. दोन्ही मारामाऱ्या पहिल्याच तासाला झाल्या होत्या. अपुऱ्या झोपेत मेंदूचा भीती-संतापाचा भाग जास्त भडकतो आणि त्याला आवरणारा पुढचा भाग ढिला पडतो. हीसुद्धा जीवशास्त्राचीच गोष्ट, फक्त अहवालात तिला रकाना नव्हता. अर्थात, झोप हेच कारण असं लिहायला माझाही हात शिवशिवला. नाही लिहिलं.

त्याला बाहेर बसवून बाईंना आत बोलावलं. दार लावलं आणि विचारलं, "ताई, रात्री घरात तुम्हालाही मार बसतो का?"

त्यांनी फाइल उचलून मांडीवर घेतली. बराच वेळ तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग सांगायला सुरुवात केली.