आठ मिनिटं मागे

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. पुण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करून मोजणारा यंत्रसंच, बसवलेला होता. त्याचं तोंड सरळ वर, डोक्यावरच्या आकाशाकडे. उजाडताना आणि मावळतीला तो प्रकाश टिपायचा आणि त्या वर्णपटातून मी स्थितांबरातला, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरातला, नायट्रोजन डायऑक्साइड मोजायचे. मोजण्याची वेळ संधिप्रकाशाची असते, कारण सूर्य क्षितिजावर असताना किरण स्थितांबरातून तिरपा, लांबचा प्रवास करतो आणि विखुरल्यावर शहराच्या धुरातून मात्र सरळ खाली उतरतो. त्यामुळे रस्त्यावरच्या गाड्यांचा वाटा आपोआप कमी होतो.

हा वायू संध्याकाळी जास्त असतो. रात्री त्यातला काही भाग डायनायट्रोजन पेंटॉक्साइड या दुसऱ्या संयुगात अडकतो, दिवसा ऊन त्याला फोडून मोकळा करतं. माझं मॉडेल म्हणत होतं, संध्याकाळी सकाळच्या साधारण दीडपट. जानेवारीत माझी निरीक्षणं अडीचपट सांगत होती. ऑक्टोबरपासून आकडा आठवड्यागणिक चढत होता. थंडीचा परिणाम, असं मी ठरवूनही टाकलं होतं.

मॉडेलमध्ये काय काय नाही करून पाहिलं! १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा त्यातून स्थितांबरात तयार झालेल्या सल्फेटच्या थेंबांवर पेंटॉक्साइडचं नायट्रिक आम्ल होऊन न्यूझीलंडच्या लॉडर वेधशाळेवर नायट्रोजन डायऑक्साइड चांगलाच घटला होता. आपल्याकडे उलट असेल, थेंबच कमी असतील, म्हणून ती अभिक्रिया मी पार काढून टाकली. गुणोत्तर जरासं हललं, पण अडीचच्या जवळपासही गेलं नाही. तरी मनात शोधनिबंधाचं शीर्षक तयार होतं, हे आता कबूल करते.

एका दुपारी गाइड मॅडमना आलेख दाखवला. त्यांनी तो नीट पाहिलाही नाही. "ओझोन काय म्हणतोय गं?"

त्याच वर्णपटातून ओझोनही निघायचा, पण तो माझा विषय नव्हता, म्हणून तो रकाना मी कधी उघडलाच नव्हता. उघडला. संध्याकाळचा ओझोन सकाळच्या दीडपटीहून जास्त! उन्हाळा असो की हिवाळा, डोक्यावरचा एकूण ओझोन एका दिवसात असा कधी वाढत नाही.

पोटात गोळा आला. मावळतीला गच्चीवर जाऊन बसले. मोबाइलवर सहा वाजून सतरा, स्पेक्ट्रोमीटरच्या संगणकावर सहा वाजून नऊ.

पावसाळा संपल्यावर गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं होतं. तेव्हा नेटवर्कची केबल काढली, ती परत कुणी जोडलीच नाही. वेळ जुळवून घ्यायला काही नसल्यानं घड्याळ दिवसाला पाचेक सेकंद मागे पडत गेलं. सूर्य किती उंचीवर आहे आणि त्यावरून किरणाची वाट किती लांब, हे मी याच घड्याळावरून काढायचे. आठ मिनिटांत सूर्य पावणेदोन अंश सरकतो. म्हणजे सकाळी तो मला वाटायचा त्याहून वर होता, संध्याकाळी त्याहून खाली. क्षितिजाजवळ किरणाची वाट इतक्या झपाट्यानं लांबते की एवढ्यानंही दोन्ही वेळची उत्तरं उलट्या दिशांना फाकली.

त्या रात्रीच केबल जोडली. जुन्या नोंदींसाठी मग ओझोनलाच हाताशी धरलं: सकाळ-संध्याकाळ ओझोन सारखा येईपर्यंत प्रत्येक दिवसाची वेळ सरकवत गेले. नायट्रोजन डायऑक्साइड निमूटपणे दीडपटीवर येऊन बसला. प्रबंधात ते तीन महिने, दुरुस्त केलेले म्हणून, पोकळ ठिपक्यांनी दाखवले आहेत. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्यांच्यावरच बोट ठेवलं, तेव्हा मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.